वेल्श लोकांचीं नांवें

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा लहानसा डोंगराळ देश आहे. आपल्याकडे तेथील माणसांस सरसकट इंग्रजच समजतात; परंतु त्यांची मूळ भाषा केल्टिक कुळांतील, आणि नांवेंहि त्याच भाषेंतलीं. इंग्रज मार्गारेटला आपल्या नांवाचा अर्थ बहुधा कोशांतच शोधावा लागतो. वेल्श बोलणाऱ्या घरांतील ‘एइरा’स मात्र आपण ‘हिम’ आहोंत हें बालपणींच ठाऊक असतें.

या नांवांत ‘ग्विन्’ हा शब्द व त्याचें स्त्रीलिंगी रूप ‘ग्वेन्’ वारंवार येतात. अर्थ शुभ्र, पण तोच पवित्र व धन्य असाहि. ‘शुभ्र’ आणि ‘शुभ’ हे एकाच धातूपासून निघालेले शब्द नित्य वापरणाऱ्या आमच्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. ‘ओल्वेन्’ म्हणजे शुभ्र पाउलांची. जुन्या कथेंत ती जेथें पाऊल टाकी तेथें चार पांढरीं फुलें उगवत. ‘ब्रॉन्वेन्’ म्हणजे शुभ्रवक्षा. असलें विशेषण आम्ही काव्यांत आवडीनें वाचतों, पण बारशाच्या दिवशीं उच्चारण्याचा धीर आमच्यांतील कोणा आत्याबाईस होईल असें वाटत नाहीं!

बारशावरून एक कथा आठवते. चौदाव्या शतकांतील हस्तलिखितांत राहिलेल्या ‘माबिनोगी’च्या चौथ्या शाखेंत आरिआन्रोद् नांवाची मानिनी आहे. नको असलेला मुलगा समोर येतांच ती शाप देते कीं, मी स्वतः ठेवीन तेव्हांच याला नांव मिळेल. मुलास वाढविणारा तिचा भाऊ ग्विदिओन् मोठा मायावी. तो चांभाराचें रूप घेऊन गलबतांतून येतो व जोड्याचें माप देण्यास तिला गलबतावर बोलावतो. इतक्यांत एक चिमणा पक्षी तेथें बसतो, आणि मुलगा नेम धरून त्याचा पाय वेधतो. ती हंसून म्हणते, हा गोरा मुलगा हाताचा मोठा कुशल! झालें, ‘ल्हेउ ल्हाउ गफेस्’, म्हणजे ‘कुशल हाताचा गोरा’, हेंच त्याचें नांव ठरलें. नांव ठेवण्याचा मान तेथें आईचा, आणि तो साधला मामानें कपटानें. (यांतील ‘ल्ह’ म्हणतांना जीभ ‘ल’च्या जागीं ठेवून नुसता वारा सोडावा, आम्हांस अजून तें नीट साधलेलें नाहीं.)

आडनांवें मात्र वेल्श लोकांस पूर्वीं नव्हतीं. आपल्याप्रमाणें बापाचें नांव जोडीत; मध्यें ‘आप्’ किंवा ‘आब्’, म्हणजे पुत्र, आणि मुलीस ‘वेर्ख्’. १५३६ च्या कायद्यानें वेल्स इंग्लंडला जोडला गेला, कचेऱ्यांत इंग्रजी आली, आणि हळूहळू ‘आप् हौएल्’चा पॉवेल, ‘आप् र्‍हीस’चा प्राइस, ‘आब् ओवेन्’चा बोवेन् झाला. कोणा एका पूर्वजाचें नांव साऱ्या वंशास कायमचें चिकटलें. जॉनच्या नांवावरून झालेले जोन्स तर इतके, कीं गांवांत त्यांना धंद्यावरून ओळखावें लागे: दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स. १७८९ सालीं शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे सर विल्यम जोन्स यांचे वडीलहि वेल्समधील अँगल्सी बेटावरचे.

२०२१ च्या खानेसुमारींत वेल्समध्यें वेल्श येणारे शेंकडा १७.८ भरले. तरीहि कांहीं कुटुंबें इंग्रजी वळणाचें आडनांव टाकून पुन्हां ‘आप्’ लावूं लागलीं आहेत.

कवि तर स्वतःच दुसरें नांव घेतात. एलिस हम्फ्री एव्हन्स या शेतकऱ्याच्या मुलाचें कविनांव ‘हेद् विन्’, म्हणजे शुभ्र शांति. ३१ जुलै १९१७ रोजीं तो बेल्जममधील लढाईंत पडला. पुढें सप्टेंबरांत राष्ट्रीय काव्यसंमेलनांत सर्वोत्तम कवितेच्या कर्त्यास खुर्चीवर बसण्यास तीनदां पुकारलें. कोणीच उठलें नाहीं. कवि पांच आठवड्यांपूर्वींच गेल्याचें सांगण्यांत आलें आणि खुर्चीवर काळें वस्त्र घातलें. ती खुर्ची ट्राउस्व्हिनिद् गांवाजवळील त्याच्या घरीं अद्याप जपून ठेवलेली आहे.