मुलाखतीचे इंग्रजी: उत्तरे पाठ आहेत, पण हे प्रश्न विचारता येतात का?

मीरा-भाईंदरमध्ये बारावी किंवा पदवीनंतर पहिली नोकरी शोधणाऱ्यांना कॉल सेंटरचा पर्याय चांगलाच ओळखीचा आहे. 'फ्रेशर चालेल, इंग्रजी बोलता आले पाहिजे' एवढीच अट असते. मग 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चे उत्तर घोकले जाते, चार-पाच भारदस्त शब्द पाठ केले जातात. हे सगळे उत्तरे देण्याचे इंग्रजी झाले. समोरच्याला प्रश्न विचारण्याच्या इंग्रजीचा सराव सहसा होतच नाही.

२०१६ मध्ये मीरा रोडला काय घडले?

४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधील कॉल सेंटरवर छापे टाकले. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेण्यात आले, त्यातील ७० जणांना सुरुवातीला अटक झाली. अनेक जण विशीतले होते. येथून अमेरिकेत फोन करून 'आम्ही तिथल्या कर विभागातून बोलतोय, तुमचा कर थकला आहे, पैसे भरले नाहीत तर अटक होईल' अशी धमकी दिली जात असे. पैसे अनेकदा गिफ्ट कार्डच्या रूपात उकळले जात.

बोलण्यासाठी लिखित स्क्रिप्ट होती, अमेरिकी ढबीचे उच्चार होते, खोटी नावे होती. कामावर असलेले सगळेच अजाण होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण नोकरी म्हणून आत शिरलेल्या पोरांसाठी कामाचे खरे स्वरूप कळण्याचा क्षण बहुधा उशिरा येतो.

त्याच वर्षी छाप्याआधी आणखी एक फोन अमेरिकेत गेला होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वृत्तानुसार, १८-१९ वर्षांच्या दोन भारतीय तरुणांनी मुंबईच्या उपनगरातून थेट वॉशिंग्टनमधील फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्याला फोन लावून या फसवणुकीची माहिती दिली. त्या फोनला कुणी स्क्रिप्ट लिहून दिली नव्हती.

मुलाखतीत कोणती वाक्ये उपयोगी पडतात?

एचआरचे बोलणे भराभर निघून गेले तर मान डोलावू नका. 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट. कुड यू से इट अगेन?' असे विचारा. नुसते 'व्हॉट?' उद्धट वाटते. या एका वाक्याने मिळणारे चार सेकंदही कामाला येतात.

'व्हॉट इज द रजिस्टर्ड नेम ऑफ द कंपनी?' हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पाटीवरचे नाव आणि नोंदणीचे नाव वेगळे असू शकते. खासगी किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीला २१ अक्षर-अंकांचा 'सीआयएन' असतो. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून तो पडताळता येतो.

त्यानंतर 'हू इज द क्लायंट?' आणि 'व्हॉट एक्झॅक्टली विल आय से टू द कस्टमर?' क्लायंटचे नाव गोपनीय असणे चुकीचे नाही, काही कंपन्या ते खरोखरच सांगत नाहीत. पण ग्राहकाशी खोट्या हुद्द्याने बोलायचे असेल, तर तिथेच उठा.

शेवटी 'मे आय हॅव दिस इन रायटिंग?' आणि 'कॅन आय टेक अ डे टू रीड इट?' तोंडी आश्वासन आणि ऑफर लेटर यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

(जाता जाता: 'आय पास्ड आउट इन २०२४' हे आपल्याकडे सर्रास चालते. परदेशी माणसाला मात्र तुम्ही बेशुद्ध पडला होता असे वाटेल. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२४' म्हणा.)

ऑफर लेटरमधले शब्द कसे वाचायचे?

'सीटीसी' म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, 'इन-हँड' म्हणजे खात्यात प्रत्यक्ष पडणारी रक्कम. 'इन्सेन्टिव्ह' पगाराचा भाग नसतो. टार्गेट गाठले तरच तो मिळतो. पगार अगदी कमी आणि इन्सेन्टिव्ह अवाच्या सवा असेल, तर पैसा नेमका कुठून येतो हे विचारा. 'बॉण्ड' हा शब्द दिसला की मुदत आणि दंडाची रक्कम तपासा. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणाले तर 'आय कॅन शेअर कॉपीज, नॉट ओरिजिनल्स' एवढे पुरे.

'विल पीएफ बी डिडक्टेड?' हेही विचारा. साधारणपणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पीएफ कायदा लागू होतो. शंभर जण फोनवर बसलेत आणि पीएफचे नावच नाही, तर काहीतरी गडबड आहे.

परदेशातील नोकरी असेल तर?

'डेटा एन्ट्री' किंवा 'कस्टमर सपोर्ट'च्या नावाखाली आग्नेय आशियात नेऊन तरुणांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणे उघड झाली आहेत. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून हवाई दलाच्या दोन विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणले. त्यामुळे एजंटला 'आर यू रजिस्टर्ड ऑन ई-मायग्रेट?' असे जरूर विचारा आणि त्याचे नाव त्या सरकारी पोर्टलवर स्वतः शोधा. 'टुरिस्ट व्हिसावर चला, वर्क परमिट तिकडे करू' असे उत्तर आले, तर पासपोर्ट हातातून सोडू नका.

पैसे आधीच गेले असतील, तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. तिथे मराठीत बोलले तरी चालते.