छापा, काटा आणि पत्रिका

नंदगडला पुतण्याची पत्रिका पाहून एकाने सांगितले, ‘पोराला शिक्षण नाही.’ वहिनी जेवल्या नाहीत. मी त्यांना २००८ मधला पुण्याचा प्रयोग सांगितला. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका, नावे झाकून, एकत्र मिसळल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून मूल कोणत्या गटातले ते सांगितले. नुसते नाणे उडवले तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात. त्यांची सरासरी आली ४६ टक्के! एका संस्थेने सगळ्या २०० पाहिल्या, १०२ बरोबर. बरोबर आलेले लक्षात राहते, चुकलेलेही मोजावे लागते. वहिनींनी पत्रिका ट्रंकेत टाकली आणि पुतण्याला हाक मारली, ‘पाटी आण रे!’