स्थिर म्हणजे किती स्थिर?

"येथे क हा स्थिरांक आहे" हे वाक्य तुम्ही गणिताच्या आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत कितीतरी वेळा वाचले असेल. वाचायचे, मान डोलवायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचे, असा बहुतेकांचा रिवाज. पण उदाहरण सोडवायला बसले की हाच क आडवा येतो. त्याची किंमत आणायची कोठून? एका उदाहरणात ती ५ निघते, दुसऱ्यात १२ निघते; मग तो स्थिर कसला? आणि पाय हाही स्थिरांक, गुरुत्वत्वरण हाही स्थिरांक, स्प्रिंगचा क हाही स्थिरांक. हे सगळे एकाच जातीचे आहेत काय?

हे प्रश्न अगदी रास्त आहेत. गोंधळाचे मूळ 'स्थिर' या शब्दात आहे, कारण तो एकटा कधीच पुरा नसतो. आगगाडीत बसलेला प्रवासी डब्याच्या मानाने स्थिर असतो, पण रुळांच्या मानाने नसतो. स्थिरांकाचेही तसेच आहे. "हा स्थिर आहे" असे कोणी म्हटले की लगेच विचारावे, "काय बदलले तरी स्थिर? आणि कोठपर्यंत?" हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर निम्मी उदाहरणे आपोआप सुटतात. इतकेच नव्हे, तर या एका प्रश्नाने पृथ्वीचा आकारसुद्धा उलगडला आहे. तो कसा, ते पुढे पाहू.

त्रैराशिकातला लपलेला स्थिरांक

आधी ओळखीचे उदाहरण घेऊ. १२ मजूर एक विहीर १० दिवसांत खणतात. तर १५ मजुरांना किती दिवस लागतील? तुम्ही झटकन १२ ला १० ने गुणता, १५ ने भागता आणि ८ दिवस असे उत्तर देता. पण १२ गुणिले १० म्हणजे १२०, हे काय आहे? ते मजूरही नव्हेत आणि दिवसही नव्हेत. ते आहेत 'मजूर-दिवस', म्हणजे त्या विहिरीला लागणारे एकूण काम. उदाहरणात मजूर बदलले, दिवस बदलले. बदलले नाही ते हे १२०. हाच त्या उदाहरणाचा स्थिरांक. तो दिलेला नव्हता, पण पहिल्या वाक्यात लपलेला होता. व्यस्त चलनाच्या उदाहरणात पहिली माहिती दिलेली असते ती यासाठीच: तिच्यावरून स्थिरांक काढायचा आणि दुसऱ्या प्रश्नात तो वापरायचा.

आता आपला प्रश्न विचारा. हे १२० काय बदलले तरी स्थिर? मजुरांची संख्या बदलली तरी. पण विहीर बदलली, खडक लागला, मजुरांचा वेग कमी झाला, की आकडा वेगळा. आणि कोठपर्यंत स्थिर? सूत्राप्रमाणे १२० मजूर ती विहीर एका दिवसात खणतील. पण १२० माणसे विहिरीत उतरणार कशी आणि कुदळ मारणार कोठे? म्हणजे स्थिरांकालाही एक हद्द असते. त्या हद्दीत तो इमानदार, हद्दीबाहेर त्याची हमी नाही. स्प्रिंगचेही असेच आहे. दुप्पट वजन लावले की दुप्पट ताणते, हे खरे. पण फार ताणली की ती पूर्ववत होत नाही आणि तिचा स्थिरांकही कामाचा राहत नाही.

एक सूत्र, अनेक स्थिरांक

आता प्रयोगशाळेतल्या साध्या लंबकाकडे वळू. त्याचे सूत्र असे:

दोलनकाल = २ × पाय × √(लांबी ÷ गुरुत्वत्वरण)

या एवढ्याशा सूत्रात स्थिरांकांच्या तीन जाती शेजारी शेजारी नांदत आहेत.

पहिली जात २ आणि पाय यांची. हे शुद्ध आकडे आहेत. मुंबईत, उत्तर ध्रुवावर किंवा चंद्रावर, पाय ३.१४१५९... एवढाच. त्याला एकक नाही आणि तो मोजून ठरवायचा नसतो. तो तर्काने सिद्ध होतो. याचा स्थिरपणा पक्का.

दुसरी जात लांबीची. प्रयोग चालू असताना आपण ती कायम ठेवतो, म्हणून त्या प्रयोगापुरती ती स्थिर. दुसऱ्या वेळी दोरा लांब करता येतो. य = म × क्ष + क या रेषेच्या समीकरणातले म आणि क हे याच जातीचे आहेत. एका रेषेपुरते ते स्थिर. दुसरी रेषा घेतली की त्यांच्या किमती दुसऱ्या. "एका उदाहरणात क ५, दुसऱ्यात १२" या कोड्याचे उत्तर हेच.

तिसरी जात गुरुत्वत्वरणाची, म्हणजे पुस्तकातल्या लहान जीची. ते आपण ठरवत नाही. ती जागा ठरवते. प्रयोगशाळेच्या खोलीत ते स्थिर आहे, यात शंका नाही. पण खोलीबाहेर? थोडे थांबा.

सूत्रात काय नाही, तेही पाहा. लंबकाच्या गोळ्याचे वस्तुमान नाही. गोळा शिशाचा घ्या, पितळेचा घ्या, दोलनकाल तोच. लंबकाला किती अंशांचा झोका दिला, तेही नाही. मात्र येथे हद्द आहे. झोका लहान असेपर्यंतच हे सूत्र चालते. लंबक ९० अंशांपर्यंत उचलून सोडला, तर दोलनकाल सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

एकक बदलले की वेश बदलतो

समजा, २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल १ सेकंद आहे. तर १ मीटर लांबीच्या लंबकाचा किती? दोलनकाल हा लांबीच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात असतो, म्हणून दोलनकाल = क × √लांबी. लांबी सेंटिमीटरमध्ये घेतली तर २५ चे वर्गमूळ ५, म्हणून क = ०.२. लांबी मीटरमध्ये घेतली तर ०.२५ चे वर्गमूळ ०.५, म्हणून क = २.

कोणता बरोबर? दोन्ही! स्थिरांक एकच आहे, वेश मात्र दोन आहेत. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, ०.२ गुणिले १० म्हणजे २ सेकंद. मीटरमध्ये, २ गुणिले १ म्हणजे पुन्हा २ सेकंद. पण सेंटिमीटरचा क घेऊन त्यात लांबी मीटरमध्ये घातली, तर उत्तर ०.२ सेकंद येते. मीटरभर लांबीचा लंबक सेकंदात पाच झोके घेईल काय? म्हणून लक्षात ठेवा: पायसारखे शुद्ध आकडे सोडले, तर स्थिरांकाची किंमत एककाशिवाय लिहिणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे.

कायेनचे घड्याळ

आता राहिलेला प्रश्न: गुरुत्वत्वरण खोलीबाहेर स्थिर आहे काय? सतराव्या शतकात बहुतेकांना ते सगळीकडे सारखेच वाटत होते. जो लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर १ सेकंद घेतो, त्याची लांबी सुमारे ९९.४ सेंटिमीटर भरते. पिकार आणि हायगेन्स यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी सुचवले, की हीच लांबी साऱ्या जगाचे माप म्हणून घ्यावी. प्रत्येक देशाचा गज वेगळा, फूट वेगळा. पण लंबक तर सर्वत्र तोच!

१६७२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने झां रिशे या खगोलनिरीक्षकाला दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे पाठवले. हे ठिकाण विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंश उत्तरेस आहे. रिशेला तेथे एक विचित्र गोष्ट आढळली. पॅरिसमध्ये बरोबर लावलेले लंबकाचे घड्याळ कायेनला रोज दोन-अडीच मिनिटे मागे पडत होते. घड्याळ वेळेवर आणण्यासाठी लंबकाची लांबी सुमारे पावणेतीन मिलिमीटरने कमी करावी लागली. रिशेने महिनोन्‌महिने ही मोजणी पुन्हा पुन्हा केली. निकाल तोच.

साहजिकच काहींना रिशेच्या मोजणीबद्दल शंका आली. उष्ण प्रदेशात लंबकाची धातूची काडी प्रसरण पावली असेल, असेही वाटणे शक्य होते. न्यूटनने आपल्या १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात या फरकाचा विचार केला. उष्णतेचा परिणाम खूपच तोकडा पडतो, हे त्याने दाखवले. मग बदलले काय? पाय बदलणे शक्य नाही, लांबी मोजलेली आहे. उरले ते गुरुत्वत्वरणच! न्यूटनने कारणही सांगितले: पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगलेली आणि ध्रुवांपाशी चपटी आहे.

आजचे आकडे घेऊन पडताळा पाहू. पॅरिसला गुरुत्वत्वरण सुमारे ९.८०९ मीटर प्रति सेकंद वर्ग, कायेनला सुमारे ९.७८१. फरक फक्त ०.२९ टक्के. दोलनकालात वर्गमूळ असल्यामुळे घड्याळात याच्या निम्मा, म्हणजे ०.१४६ टक्के फरक पडतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यांचे ०.१४६ टक्के म्हणजे सुमारे १२६ सेकंद. दोन मिनिटांहून थोडे अधिक! विषुववृत्तावर समुद्रसपाटीला गुरुत्वत्वरण ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२, आणि मुंबईला सुमारे ९.७८६ असते. चंद्रावर ते फक्त १.६२ आहे, तेथे आपला लंबक सुमारे अडीचपट संथ हलेल. तुमच्या उदाहरणात ९.८ घ्यायला सांगतात, कारण एवढ्या अचूकतेला ते सगळीकडे पुरते.

लहान जीच्या आत मोठा जी

जो स्थिरांक जागेप्रमाणे बदलतो, त्याच्या आत काहीतरी दडलेले असले पाहिजे. गुरुत्वाकर्षणाचा नियम ते उघडून दाखवतो:

गुरुत्वत्वरण = मोठा जी × पृथ्वीचे वस्तुमान ÷ (पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर)²

पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३७८ किलोमीटर, ध्रुवीय त्रिज्या ६३५७. अंतर वेगळे, म्हणून भागाकार वेगळा. शिवाय पृथ्वीच्या परिवलनामुळेही विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण काहीसे कमी भरते. पण या सूत्रातला मोठा जी, म्हणजे विश्वगुरुत्वस्थिरांक, पृथ्वीपुरता नाही. सफरचंद आणि पृथ्वी, पृथ्वी आणि चंद्र, सूर्य आणि गुरू, सर्वांना तो एकच लागू पडतो.

तो काढायचा कसा? १७९७-९८ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने सुमारे १५८ किलोग्रॅमचे दोन शिशाचे गोळे घेतले आणि त्यांची लहान गोळ्यांवरील अतिशय क्षीण ओढ तारेच्या पिळावरून मोजली. त्याला हवी होती पृथ्वीची घनता. ती त्याने पाण्याच्या ५.४८ पट अशी दिली. आज आपण ती ५.५१ पट मानतो. त्याच मोजणीतून मोठा जी काढता येतो. त्याची किंमत ६.६७४ × १०⁻¹¹ न्यूटन-मीटर वर्ग प्रति किलोग्रॅम वर्ग इतकी चिमुकली आहे.

मग हा तरी खरोखर स्थिर आहे काय? पॉल डिरॅक या शास्त्रज्ञाने १९३७ साली हाच प्रश्न केला. विश्वाचे वय वाढते तसा मोठा जी कमी होत असेल, असे त्याने सुचवले. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसरचे किरण सोडून चंद्राचे अंतर मोजले जाते. त्यावरून मोठा जी वर्षाला दहा हजार कोटींत एक भाग इतकाही बदलत नाही, असे दिसते. येथे 'स्थिर' या शब्दामागे नुसती समजूत नाही, मोजणी उभी आहे.

पक्का खुंटा

रिशेच्या घड्याळाचा धडा फुकट गेला नाही. फ्रान्समध्ये १७९१ साली मीटर ठरवताना लंबकाचा विचार बाजूला सारला गेला, कारण त्याची लांबी जागेप्रमाणे बदलते. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे ठरले. पुढे धातूची पट्टी आली, मग क्रिप्टॉन अणूचा प्रकाश आला. शेवटी १९८३ साली प्रकाशाच्या निर्वात पोकळीतील वेगालाच खुंटा मानले: तो सेकंदाला बरोबर २९,९७,९२,४५८ मीटर आहे असे जाहीर करून त्यावरून मीटर ठरवला. पूर्वी मीटरने प्रकाशाचा वेग मोजत. आता प्रकाशाच्या वेगाने मीटर मोजतात. २०१९ सालापासून किलोग्रॅमही प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो.

करून पाहा

एक दोरा आणि एक लहानसा जड खडा घ्या. टांगलेल्या टोकापासून खड्याच्या मध्यापर्यंत लांबी ४०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर अशी बदला. प्रत्येक वेळी झोका लहान द्या, २० दोलनांचा वेळ मोजा आणि त्याला २० ने भागून दोलनकाल काढा. नंतर लांबीला दोलनकालाच्या वर्गाने भागा. चारही भागाकार २४.८ च्या जवळपास यायला हवेत. त्यांना ३९.५ ने गुणले, की तुमच्या गावचे गुरुत्वत्वरण सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मिळेल.

एखादा भागाकार फारच वेगळा आला, तर तो खोडून ९८० लिहून टाकण्याची घाई करू नका. काय बदलले, ते शोधा. झोका मोठा झाला, लांबी चुकली, की दोलने मोजताना एक सुटले? आकडा जुळत नव्हता तेव्हा रिशेनेही तो खोडला नाही, पुन्हा मोजला.