दत्तू भोकनळ : एकेरी नौकेतली कारकीर्द

दत्तू बबन भोकनळ याचा जन्म १९९१ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात, तळेगाव रोही या गावी झाला. तालुका अवर्षणप्रवण, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे तिथे नवे नाही. वडील विहिरी खोदण्याच्या कामावर मजुरी करत आणि लहान वयातच दत्तूही त्यांच्या हाताखाली राबू लागला. २०११ मध्ये वडील गेले, घराचा भार थोरल्या मुलावर आला आणि २०१२ मध्ये तो सैन्यात, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला.

नौका त्याने पुण्यात लष्करी प्रशिक्षणातच हाती घेतली. सहा फुटांहून जास्त उंची आणि कष्टाने तयार झालेली पाठ प्रशिक्षक कुद्रत अली यांच्या नजरेत भरली. उंच माणसाचे वल्हे पाण्यात लांब पल्ला घेते, म्हणून या खेळात उंचीला मोल आहे. एकेरी स्कल्सची नौका जेमतेम १४ किलोंची, दोन्ही हातांत एकेक वल्हे, अंतर २००० मीटर. खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. पुढे निघालेला प्रतिस्पर्धी त्याला सहज दिसतही नाही.

२०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. पुढच्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे दुसरा येऊन त्याने रिओ ऑलिंपिकची पात्रता गाठली. त्या दिवसांत त्याची आई डोक्याला झालेल्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेली होती. तरीही सराव थांबला नाही, हे त्याच्या पदकांइतकेच लक्षात ठेवावे असे आहे.

रिओला नौकानयनात भारताचा तो एकटाच खेळाडू होता. प्राथमिक फेरीत तो तिसरा आला, उपांत्यपूर्व फेरीत चौथा. इथे स्पर्धेची रचना समजून घ्यायला हवी. उपांत्यपूर्व फेरीतले पहिले तिघेच पहिल्या बारा क्रमांकांसाठी झुंजतात. चौथा आलेल्याला तेराव्याच्या वर जाता येत नाही. ‘क’ गटाची अंतिम शर्यत त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली. म्हणजे जेवढे मिळवणे शक्य उरले होते, ते सगळे त्याने मिळवले. वृत्तपत्रांनी छापलेल्या ‘तेरावा’ या आकड्यात हा विजय दिसत नाही. त्याच स्पर्धेत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल ६:४१.३४ वेळेत सुवर्णपदक घेऊन गेला. मात्र वारा आणि लाटा बदलल्या की वेळही बदलते, त्यामुळे वेगवेगळ्या शर्यतींच्या वेळांची थेट तुलना जपूनच करावी लागते.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या स्कल्समध्ये ६:१७.१३ वेळेत सुवर्णपदक जिंकले. एकेरी शर्यतीत मात्र प्रकृती बिघडली. शर्यत अर्ध्यावर सोडल्याचा ठपका ठेवून भारतीय नौकानयन महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती उठली, पण तोवर टोकियो ऑलिंपिकच्या तयारीचा मोलाचा काळ निघून गेला होता. आजारी खेळाडूला इतकी कठोर शिक्षा करणे अन्यायाचेच होते. २०२० मध्येच त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

टोकियोत अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग दुहेरीत अकरावे आले. एकेरीत मात्र २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतरही भारतीयांमध्ये रिओचा तेरावा क्रमांकच सर्वांत वरचा आहे.