रिकाम्या जागेचं माप

सकाळी 6.20

सांगलीतून निघालो तेव्हा उजाडत होतं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. दसरा झाला की कारखान्यांचे बॉयलर पेटतील, उसाची मोळी पडेल आणि मग पाच महिने कुणाला मान वर करायला वेळ मिळणार नाही. आम्हा इन्स्ट्रुमेंटवाल्यांची खरी कामं त्याआधीच उरकायची असतात. आजचं काम कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आहे. मळीच्या टाकीवर पातळी मोजणारा रडार बसवायचा आहे.

मळी म्हणजे इथे मोलॅसिस. आमच्याकडे शेतकरी प्रेसमडलाही मळीच म्हणतात, म्हणून आधी सांगून टाकलं. साखर काढून घेतल्यावर उरणारा हा दाट, काळसर पाक डिस्टिलरीत जातो आणि त्याचं अल्कोहोल होतं. त्याच्या टनाटनाचा हिशेब राज्य उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागतो. त्यामुळे टाकीत किती मळी आहे, या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं देऊन भागत नाही.

पाठीवरच्या बॅगेत मल्टिमीटर, लूप कॅलिब्रेटर, पान्यांचा संच, टेफ्लॉन टेप आणि पारदर्शक प्लास्टिकची वीस फूट नळी. नळीचं कारण पुढे कळेल.

सकाळी 8.00

वर्क परमिटवर तिघांच्या सह्या झाल्या. मी, कारखान्याचे तरुण इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आणि मामा. मामा तीस वर्षांपासून या टाक्यांची डिप घेतात, म्हणजे वरच्या झाकणातून टेप सोडून मळीची उंची मोजतात. त्यांना सगळा कारखाना मामाच म्हणतो.

स्टोअरमधून खोका आणला. शंकू बसवलेल्या जाड डब्यासारखं हे यंत्र जेमतेम दीड वीत उंचीचं आहे. नेमप्लेटवरची वारंवारता, प्रोसेस कनेक्शन आणि व्होल्टेज ऑर्डरशी ताडून बघितलं. हे 80 गिगाहर्ट्झचं आहे. जुनी यंत्रं 6 किंवा 26 गिगाहर्ट्झची असायची. वारंवारता वाढली की तेवढ्याच आकाराच्या अँटेनातून निघणारा झोत अरुंद होतो. 26 च्या यंत्राचा दहा अंशांचा झोत बारा मीटर खाली पोचेपर्यंत दोन मीटरहून रुंद पसरतो. या 80 वाल्याचा झोत चार अंशांचा, म्हणून तिथेच तो 84 सेंटिमीटर राहतो. टाकीच्या आत शिड्या, पाइप, कॉइल असा पसारा असतो. त्याला न शिवता मळीपर्यंत जायचं तर झोत अरुंदच हवा.

सकाळी 9.10

टाकी 18 मीटर व्यासाची आणि 12 मीटर उंच. कमरेला सेफ्टी बेल्ट, त्याचा हुक कठड्याला. वर पोचलो तर पत्रा अजून गार होता.

इथे आधी काय होतं ते सांगतो. तळाशी प्रेशर ट्रान्समीटर होता. वरच्या मळीच्या वजनाचा दाब मोजायचा आणि त्यावरून उंची काढायची. पाण्याला हे छान चालतं. मळीची घनता मात्र बदलत राहते. 1.4 धरून बसलेल्या यंत्राला 1.45 ची मळी मिळाली की ते उंची जास्त दाखवतं. शिवाय दाब पोचवणारी तोटी मळीनं बुजते. त्याच्याही आधी फ्लोट होता, तो चिकटून बसायचा. अल्ट्रासॉनिकही एकदा लावून झालं होतं, पण ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो आणि वायूबरोबर तर फारच बदलतो. वीस अंशाला हवेत तो सेकंदाला 343 मीटर असतो, तर कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे 270. साठलेली मळी आंबू लागली की वरच्या पोकळीत हाच वायू जमतो. तिथे अल्ट्रासॉनिकच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवावा? रेडिओलहरींचा वेग वाफेनं, उष्णतेनं किंवा वायूनं लक्षात येण्याइतका हलत नाही. रडारची सगळी पुण्याई यातच आहे.

सकाळी 9.40

उन्हाळ्यात टाकी धुवायला रिकामी केली होती, तेव्हाच छतावर नोझल, म्हणजे यंत्र बसवायचं फ्लँजवालं आखूड तोंड, वेल्ड करून घेतलं होतं. इंजिनिअरसाहेबांचा आग्रह मधोमध बसवण्याचा होता, कारण तिथे तयार तोंड होतं. मी नको म्हणालो. टाकीचं छत मध्याकडे चढत जातं. छताच्या मध्यावर यंत्र ठेवलं की मळीवरून परतलेली लहर छतावर आपटून पुन्हा खाली जाते, पुन्हा वर येते, आणि एकाच पातळीचे दोन-तीन इको दिसू लागतात. भिंतीला अगदी खेटूनही चालत नाही, वेल्डिंगच्या रेषा आणि चिकटलेली मळी झोतात येते. मळी पडते त्या इनलेटजवळ तर मुळीच नाही. व्यासाचा सहावा भाग आत, म्हणजे भिंतीपासून तीन मीटर, ही जागा ठरवली. टाकी रिकामी असतानाच फ्लँजच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत मी स्वतः टेप सोडून माप घेतलं होतं. ते 12.390 मीटर भरलं आणि माझ्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे.

आज आधी नोझलवर स्पिरिट लेव्हल ठेवली, कारण छत उतरतं असलं तरी फ्लँज सपाट हवा. झोत मळीवर काटकोनात पडला तरच सरळ वर परततो. मग गॅस्केट, त्यावर यंत्र, आठ बोल्ट. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळायचे, एका बाजूनं आवळत गेलं की यंत्र कलतं.

सकाळी 11.15

केबल. फार सांगण्यासारखं नाही. दोन तारा, 24 व्होल्ट, त्याच तारांवरून सिग्नल. एवढं मात्र सांगतो: केबल यंत्रात शिरते त्या ग्लँडचं तोंड खाली हवं आणि केबलला ग्लँडच्या अलीकडे खाली लोंबणारा वळसा हवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं. मी पाहिलेल्या बिघडलेल्या यंत्रांपैकी निम्म्यांच्या पोटात पाणी होतं.

दुपारी 12.30

वीज दिली. मोबाइलवर यंत्राशी जोडणी झाली. डिस्टिलरीच्या कुंपणाआत मोबाइल नेता येत नाही, ही टाकी कुंपणाबाहेर आहे. इको कर्व्ह उघडला. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर परतलेल्या लहरीचा जोर. 10.27 मीटरवर उंच, स्वच्छ सुळका. ती मळी.

अंगावर काटा येतो तो याच क्षणी, इतक्या वर्षांनंतरही. बारा मीटर खाली जाऊन वर यायला लहरीला लागतात फक्त 80 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे अब्ज भाग केले तर त्यातले ऐंशी. इतका वेळ मिलिमीटरच्या अचूकतेनं थेट मोजणं फार अवघड. म्हणून हे यंत्र पाठवतानाच लहरीची वारंवारता एकसारखी चढवत नेतं. परत आलेली लहर काही क्षण जुनी असते, त्यामुळे तिची वारंवारता आत्ता पाठवल्या जाणाऱ्या लहरीपेक्षा मागे असते. हा फरक जितका मोठा, तितकी मळी खोल.

यंत्र मळी मोजत नाही. ते मोजतं मळीच्या वरची रिकामी जागा. 12.390 मधून ती वजा केली की पातळी मिळते. म्हणजे हा 12.390 चुकला तर पुढचं सगळं चुकलं, आणि यंत्राला ते कधीच कळणार नाही. तो आकडा माणसाचा आहे.

कर्व्हवर 4.1 मीटरला आणखी एक छोटा सुळका होता. ड्रॉइंगमध्ये तिथे काहीच नाही. मामांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “साहेब, जुन्या फ्लोटची तार धरायचा ब्रॅकेट हाय तिथं. फ्लोट काढला, ब्रॅकेट तसाच ऱ्हायला.” ड्रॉइंगनं न सांगितलेलं त्यांनी सांगितलं. बोल्ट काढून यंत्र एक भोक फिरवलं, म्हणजे 45 अंश. लहरीच्या कंपनाची दिशा बदलली आणि सुळका निम्म्यावर आला.

दुपारी 1.30

जेवण. मामांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि खर्डा.

दुपारी 2.15

आता मॅपिंग. टाकीतल्या खोट्या इकोंची यंत्राला ओळख करून द्यायची, म्हणजे ते पुढे त्यांच्याकडे दुर्लक्ष करतं. बटण एकच, पण या एका बटणाला मी घाबरतो. कारण सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात अशाच टाकीवर मी मॅपिंग केलं. टाकी जवळजवळ भरलेली होती. मळीपर्यंतचं अंतर न टाकताच मी संपूर्ण उंचीचं मॅपिंग मारलं. यंत्रानं मळीचा खरा इको खोटा म्हणून नोंदवून ठेवला. वर मी आणखी एक चूक केली: इको हरवला तर शेवटचा आकडा धरून ठेव, अशी सेटिंग करून दिली. टाकी रिकामी झाली, पुन्हा भरत आली, सगळे आकडे बरोबर येत होते. मग एका रात्री मळी नेमकी त्या उंचीला पोचली. इको दिसेनासा झाला आणि स्क्रीनवरचा आकडा थांबला. ऑपरेटरला वाटलं, भरणं मंद झालंय. पहाटे टाकी वरून वाहिली. आवारात घोट्यापर्यंत मळी साचली आणि ती उपसताना एका हेल्परचा पाय घसरून मनगट मोडलं. चूक त्याची नव्हती, ऑपरेटरचीही नव्हती. माझी होती.

इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेल डेपोत 11 डिसेंबर 2005 ला हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. पेट्रोल भरत असलेल्या टाकीचा गेज पहाटे तीनच्या सुमारास एका आकड्यावर अडकला. त्या टाकीला वेगळा हाय लेव्हल स्विचही होता, पण तोही चालला नाही. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल वाहिलं आणि सहा वाजून एक मिनिटानं स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कुणी मेलं नाही. 43 जण जखमी झाले. तिथलं यंत्र रडार नव्हतं, पण अडकलेला आकडा सगळ्या यंत्रांत सारखाच दिसतो. तो शांत असतो आणि म्हणूनच त्याचा संशय येत नाही.

आज मळी 10.27 वर आहे. मॅपिंग फक्त 9.5 मीटरपर्यंत केलं, मळीच्या पाऊण मीटर वरच थांबलो. खालचा भाग टाकी पुढच्या वेळी रिकामी होईल तेव्हा करायचा, असं रजिस्टरमध्ये लिहिलं. इको हरवला तर सिग्नल 22 मिलिअँपियरवर जाऊन अलार्म वाजेल, आकडा धरून ठेवला जाणार नाही.

दुपारी 3.20

पश्चिमेला काळोखलं आणि पन्हाळ्याच्या बाजूला वीज चमकली. मामा म्हणाले, “खाली.” लोखंडी टाकीच्या डोक्यावर उभं असताना यावर चर्चा करायची नसते. तासभर पंप हाऊसच्या पत्र्याखाली बसलो. परतीचा पाऊस कोसळून गेला.

दुपारी 4.30

रडार म्हणतो, अंतर 10.273, म्हणजे पातळी 2.117 मीटर. मामांनी डिपच्या झाकणातून टेप मळीला टेकेपर्यंत सोडली आणि ते माप टाकीच्या तक्त्यातल्या संदर्भ उंचीतून, म्हणजे झाकणाच्या कडेपासून तळापर्यंतच्या उंचीतून, वजा करून सांगितलं: 2.131. फरक 14 मिलिमीटरचा.

या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साडेतीन टन मळी. 14 मिलिमीटर म्हणजे पाच टन. इंजिनिअरसाहेब म्हणाले, “रडारमध्ये ऑफसेट टाकून जुळवून घेऊ या का?” बरेच जण हेच करतात. कारण न शोधता जुळवलेले आकडे मला चालत नाहीत. मामांचा हात तीस वर्षांत चुकला नाही आणि माझा 12.390 मी स्वतः मोजला आहे. मग दोघांच्या मध्ये काय आहे?

तेव्हा बॅगेतली नळी काढली. गवंडी पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतात तीच. एक टोक फ्लँजपाशी, दुसरं डिपच्या झाकणाच्या कडेशी. झाकणाची कड फ्लँजपेक्षा 164 मिलिमीटर खाली निघाली. 12.390 वजा 0.164, म्हणजे 12.226. तक्त्यात मात्र झाकणाची संदर्भ उंची 12.240 लिहिलेली. मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “दोन सालामागं झाकाण गंजलं म्हणून नवीन बसवलं. त्याची मान जरा बुटकी हाय.” झाकण बदललं, तक्ता तोच राहिला. दोन वर्षं रोज पाच टन मळी कागदावर जास्त होती.

तक्ता पेनानं दुरुस्त करायचा नसतो. तो पुन्हा मोजून प्रमाणित करून घ्यावा लागतो. चीफ केमिस्टना लेखी कळवलं. रडारचा आकडा आहे तसा ठेवला.

संध्याकाळी 5.30

कंट्रोल रूम. 0 ते 11 मीटरसाठी 4 ते 20 मिलिअँपियर. 2.117 ला 7.08 यायला हवा, आला. कॅलिब्रेटरवरून 4, 12, 20 आणि शेवटी 22 देऊन बघितलं, अलार्म वाजला. या टाकीचा वेगळा हाय लेव्हल स्विच हातानं उचलून पंप बंद होतो का तेही बघितलं. ऑपरेटर पोरगा नवा आहे, विशी-बाविशीचा. त्याला एकच गोष्ट दोनदा सांगितली: पंप चालू आहे आणि आकडा दहा मिनिटं हलला नाही, तर फोन कर. रात्रीचे तीन वाजले असले तरी कर. मळीला फेस धरला की तो लहर गिळतो, तेव्हाही आकडा उड्या मारतो किंवा जातो, हे मामांनी त्याला समजावलं.

आजच्या इको कर्व्हची प्रिंट पॅनेलच्या दाराला आतून लावली. दोन वर्षांनी कुणी आलं, तर निरोगी टाकी कशी दिसत होती ते त्याला बघता येईल.

संध्याकाळी 6.40

गेटवर बाहेर पडताना इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, “आता मामांना दुसरीकडे लावता येईल ना? वर चढायचं काम राहिलं नाही.” प्रश्न सरळ होता आणि मी उत्तरही सरळ दिलं. 4.1 मीटरचा ब्रॅकेट आणि बुटक्या मानेचं झाकण, दोन्ही मामांमुळे कळलं. रोज चढायची गरज संपली हे खरं, पण आठवड्यातून एकदा टेप टाकीत पडलीच पाहिजे.

ज्यांच्या टाक्यांवर रडार आहे त्या सगळ्यांना माझी हीच विनंती आहे. डिपची वही बंद करू नका. आठवड्यातून एकदा टेप आणि रडार शेजारी शेजारी लिहा, फरक पाच मिलिमीटरच्या पुढे गेला तर कारण सापडेपर्यंत ऑफसेटला हात लावू नका, आणि डिप घेणारा माणूस कमी करू नका.