घोट्याचा संधिशोथ

घोट्याचा संधिशोथ : पायाच्या घोट्याच्या सांध्यातील उपास्थीचा (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचिक आवरणाचा) ऱ्हास होऊन वेदना, सूज, ताठरपणा व कालांतराने व्यंग उत्पन्न करणारा विकार. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिशोथापेक्षा तो कमी प्रमाणात आढळतो. परंतु बहुधा जुन्या दुखापतीतून उद्‌भवत असल्यामुळे तो तुलनेने तरुण, कमावत्या वयातील व्यक्तींना होतो. त्यामुळे उपचाराची निवड करताना रुग्णाचा व्यवसाय व राहणी यांना क्ष-किरण चित्राइतकेच महत्त्व असते.

रचना व कारणे : अंतर्जंघास्थी व बहिर्जंघास्थी यांच्या खालच्या टोकांनी बनलेल्या खोबणीत टॅलस हे हाड घट्ट बसलेले असते. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सु. पाचपट भार पडतो. तथापि त्यातील उपास्थीची जाडी केवळ १ ते २ मिमी. असते. टॅलस आपल्या जागेवरून बाहेरच्या बाजूस १ मिमी. जरी सरकले, तरी हाडांचे परस्परांना टेकणारे क्षेत्र सु. ४२ टक्क्यांनी घटते, असे रॅम्सी व हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. घोट्याचा अस्थिभंग किंचित वाकडा जुळल्यास काही वर्षांनी संधिशोथ का होतो, हे यावरून स्पष्ट होते. वारंवार मुरगळल्याने सैल झालेले अस्थिबंध हेही एक कारण आहे. पाय वेडावाकडा पडल्याने घोट्याच्या ठिकाणी होणाऱ्या वेदनेचा ‘वातकंटक’ या नावाने उल्लेख सुश्रुतसंहितेत आढळतो.

इतर कारणांत संधिवाताभ संधिशोथ, गाऊट, क्षयरोग व हीमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार) यांचा समावेश होतो. हीमोफिलियात सांध्यात पुनःपुन्हा रक्तस्राव होऊन उपास्थी नष्ट होते. मधुमेह व कुष्ठरोग यांत पायाची संवेदना नाहीशी झाल्याने सांधा फारशी वेदना न होता मोडत जातो. मूळ कारणाचे निदान झाल्याखेरीज केवळ घोट्यावर केलेले उपचार अपुरे ठरतात.

निदान : सकाळी उठल्यावर व बराच वेळ बसून उठल्यावर जाणवणारा ताठरपणा, चढउतारावर वाढणारी वेदना व सायंकाळी येणारी सूज ही प्रमुख लक्षणे होत. क्ष-किरण चित्र रुग्णास उभे करून घ्यावे लागते. कारण भार नसताना सांध्यातील अंतर फसवे दिसते. वेदना घोट्यात आहे की त्याखालील टाचेच्या सांध्यात, हे ठरविणे आवश्यक असते.

शस्त्रक्रियाविरहित उपचार : प्रथम काही महिने हेच उपचार करतात. वजन कमी करणे, पोटरीच्या स्नायूंचे ताण देणारे व बलवर्धक व्यायाम आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरणे, हे साधे उपाय बरेच गुणकारी ठरतात. तळ पुढेमागे गोलाई दिलेला व टाचेस मऊ गादी असलेला जोडा वापरल्यास घोटा न वाकवता पाऊल पुढे टाकता येते. घोट्यास आधार देणाऱ्या पट्ट्याने हालचाल मर्यादित होऊन वेदना कमी होते. अशी साधने व व्यायामाचे मार्गदर्शन मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या (स्थापना १९५५) केंद्रांत मिळते. आपल्याकडे मात्र पादत्राणे उंबऱ्याबाहेर ठेवण्याची रीत असल्याने दिवसाचा बराच काळ पाय आधाराविना राहतो. याकरिता घरात वापरण्यासाठी वेगळा, स्वच्छ जोडा ठेवणे इष्ट असते.

वेदनाशामक औषधांचा दीर्घकाळ वापर जठर व मूत्रपिंडे यांस अपायकारक ठरू शकतो. सांध्यात टोचलेल्या कॉर्टिकोस्टेरॉइडाने काही आठवडे ते महिने आराम पडतो. झीज मात्र भरून येत नाही. रक्तातील बिंबाणूंनी समृद्ध अशा द्रवाची अंतःक्षेपणे अलीकडे प्रचारात आली. परंतु नेदर्लंड्समधील १०० रुग्णांवरील चाचणीत (२०२१) ती निष्क्रिय द्रवापेक्षा सरस ठरली नाहीत.

शस्त्रक्रिया : सांध्याचा पुढील भागच बिघडला असल्यास तेथील अस्थिकंटक दुर्बिणीच्या साहाय्याने काढतात. झीज एकाच बाजूस असल्यास अंतर्जंघास्थी घोट्याच्या वर छेदून तिचा कोन सुधारतात व भार शाबूत उपास्थीवर नेतात. संपूर्ण सांधा झिजल्यावर पुढील दोन शस्त्रक्रियांचा विचार करतात.

(१) संधिबंधन : उरलेली उपास्थी खरवडून, पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून दोन्ही हाडे स्क्रू वा पट्टीने घट्ट जखडतात, ती एकमेकांस जुळली की हालचाल थांबते व तिच्याबरोबर वेदनाही. जॉन चार्न्ली यांनी १९५१ मध्ये हाडे दाबून धरून जोडण्याची पद्धती मांडली. हाडे जुळण्यास सु. तीन महिने लागतात. धूम्रपानाने ती न जुळण्याचा धोका वाढतो. अनेक वर्षांनंतर शेजारच्या सांध्यांत संधिशोथ उद्‌भवू शकतो.

(२) कृत्रिम संधिरोपण : फ्रान्समध्ये १९७० च्या सुमारास लॉर्ड व मारोत यांनी केलेले आरंभीचे प्रयत्न बव्हंशी अयशस्वी ठरले. नंतरच्या धातू व पॉलिएथिलीन यांच्या सांध्यांपैकी सु. ७५ ते ९० टक्के दहा वर्षे टिकतात. शरीरश्रमाचे काम, संवेदनाहीन पाऊल, जुना जंतुसंसर्ग वा फार वाकडे हाड असल्यास हे रोपण सामान्यतः टाळतात. ब्रिटनमधील २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन्ही शस्त्रक्रियांनी एका वर्षानंतर रुग्णांना जवळजवळ सारखाच लाभ झाला.

उपचाराची निवड : सांधा जोडला म्हणजे पाय निकामी झाला, ही समजूत चुकीची आहे. पावलाचे इतर सांधे काही प्रमाणात वाकत असल्याने सपाट जमिनीवरील चाल बरीचशी स्वाभाविक राहते आणि श्रमाचे कामही करता येते. मर्यादा जाणवते ती उतारावर, जिन्यावर व उकिडवे बसताना. कृत्रिम सांध्यानेही उकिडवे बसता येईलच असे नाही. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर खुर्चीसारख्या शौचपात्राची सोय करणे योग्य असते.

गिरगाव, परळ, लालबाग येथील जुन्या चाळींत हा प्रश्न अधिक बिकट होतो. तिसऱ्या मजल्यावरील खोली, उभा लाकडी जिना व गॅलरीच्या टोकास सामाईक शौचकूप अशा घरात, शस्त्रक्रियेनंतर अनेक आठवडे पायावर भार न देता राहणे, ही शस्त्रक्रियेहूनही कठीण अट ठरते. यंत्रापाशी, दुकानात वा पहाऱ्यावर उभे राहून काम करणाऱ्याचा या काळात रोजगारही बुडतो. तेव्हा तळमजल्यावर तात्पुरती राहण्याची सोय, रजा व कुबड्यांचा सराव यांची तजवीज शस्त्रक्रियेपूर्वीच करावी लागते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या (स्थापना १९२६) सार्वजनिक रुग्णालयांतील समाजसेवा विभागाचे याबाबत साहाय्य होऊ शकते.

प्रतिबंध : झिजलेली उपास्थी पूर्ववत करणारा खात्रीचा उपाय अद्याप उपलब्ध नाही. म्हणून घोट्याचा अस्थिभंग झाल्यास केवळ चोळण्यावर वा पट्टी बांधण्यावर न विसंबता क्ष-किरण चित्र काढणे, हाड नेमके बसविणे व प्लॅस्टर मुदतीपूर्वी न काढणे आवश्यक ठरते. मुरगळलेल्या घोट्यासही विश्रांती व त्यानंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम द्यावे लागतात. दुखापतीच्या वेळी घेतलेली काही आठवड्यांची काळजी पुढील कित्येक वर्षांची वेदना टाळू शकते.