दऱ्या, दर्या आणि ग्रंथपालाची आज्ञावली

गेल्या वर्षी पावसाळ्यात आठवीतील एक विद्यार्थिनी शाळेच्या ग्रंथालयात आली. डोंगरभटकंतीवरील एक पुस्तक तिला हवे होते. त्याच्या नावात ‘दऱ्या’ हा शब्द आहे, एवढेच तिच्या ध्यानात होते. आम्ही तो शब्द संगणकावर टंकून शोध घेतला. नोंद आढळली नाही, असे उत्तर आले. ‘बाळ, ते पुस्तक आपल्याकडे नाही,’ असे सांगून आम्ही तिला परत पाठविले.

पुढे कपाटे झाडताना तेच पुस्तक आमच्या हाती आले! दाखल नोंदवहीत त्याची नोंद होती, संगणकातील यादीतही होती. म्हणजे यंत्राच्या भरवशावर आम्ही एका वाचकाला खोटे उत्तर दिले होते. ग्रंथालयात असूनही न सापडणारे पुस्तक हे हरवलेल्या पुस्तकासारखेच होय. ही रुखरुख मनाला लागली आणि तिच्यापायी, कला शाखेचे पदवीधर असलेले आम्ही, वयाच्या पस्तिशीत संगणकाला आज्ञा लिहावयास शिकलो. ते कसे, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

यंत्राची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी तपासणी करून ते निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला, आणि तो खराही होता. दोष यंत्रात नव्हता, टंकलेल्या अक्षरांत होता. संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही. त्याला केवळ अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक दिलेला असतो. जगभर मान्य झालेल्या या व्यवस्थेस ‘युनिकोड’ म्हणतात. तीत ‘र’ चा क्रमांक २३५२, तर ‘ऱ’ चा २३५३ आहे. आता ‘दऱ्या’ हा शब्द निदान दोन रीतींनी टंकता येतो. कोणी २३५३ क्रमांकाचे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतो व त्यास ‘या’ जोडतो. कोणी साधा ‘र’ घेऊन, त्याचा पाय मोडून, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. यादी टंकताना एक रीत वापरली गेली होती आणि शोधताना आम्ही दुसरी वापरली.

यावरून एक गोष्ट उमगली. मराठी अक्षरांची जाण आणि यंत्राला आज्ञा देण्याची विद्या ही दोन्ही एकाच माणसापाशी असली, तरच हे कोडे सुटेल. गणिताचा तर आम्हांस पूर्वीपासून धाक! परंतु भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे स्मरण झाले. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही त्यांतील दोन सूत्रे आमच्या चुकीवर नेमके बोट ठेवीत होती. गणिताचा माणूस ग्रंथपाल होऊ शकतो, तर ग्रंथपालाने चार पावले गणिताच्या अंगणात टाकावयास काय हरकत आहे?

आम्ही ‘पायथन’ ही भाषा निवडली. नेदरलँड्सचे ग्विडो व्हान रॉसम यांनी ती रचून १९९१ मध्ये प्रथम लोकांपुढे आणली. नाव अजगराचे वाटले, तरी ते एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. या भाषेत लिहिलेली आज्ञावली म्हणजे कामाची पायरीपायरीने मांडलेली कृती होय. तिचे मुख्य आधार तीन : क्रम, निवड आणि पुनरावृत्ती. ग्रंथालयातील देवघेवीची वही घ्या. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकेक नोंद पाहावयाची, ही पुनरावृत्ती. परतीची तारीख उलटली असेल तर वाचकाचे नाव उतरावयाचे, नसेल तर पुढे जावयाचे, ही निवड. आधी नोंद वाचावयाची, मग तारीख ताडावयाची, हा क्रम. हेच काम आम्ही इतकी वर्षे हाताने करीत होतो. केवळ त्यास आज्ञावली म्हणतात हे ठाऊक नव्हते.

थोडा सराव झाल्यावर आम्ही ‘दऱ्यां’कडे वळलो. वाटले, ते अदृश्य जोडचिन्हच सगळीकडून पुसून टाकावे, की झाले! तशी आज्ञा दिली. क्षणार्धात काम उरकले. आणि पाहतो तो सगळ्या दऱ्यांचा ‘दर्या’ झालेला! आमच्या घरची भाषा कोकणी. आम्ही समुद्राला दर्याच म्हणतो. डोंगरावरील पुस्तक एका आज्ञेने समुद्रात बुडाले होते. सुदैवाने मूळ यादी बाजूस ठेवून तिच्या नकलेवर हा प्रयोग केला होता, म्हणून हानी झाली नाही. मग आज्ञांचा क्रम बदलला : जोडचिन्ह घातलेल्या ‘र’ च्या जागी प्रथम २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ बसवावा आणि त्यानंतरच उरलेली जोडचिन्हे पुसावीत. शोधण्याच्या शब्दालाही हाच नियम लावला. दऱ्या पुन्हा दऱ्या झाल्या. यंत्र सांगितले तेवढेच करते. काय सांगावे हे मराठी जाणणाऱ्यानेच ठरवावे लागते.

दुसरी अडचण वर्णक्रमाची होती. आपण ‘ह’ नंतर ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ म्हणतो. युनिकोडात ‘ल’ २३५४, ‘ळ’ २३५५, ‘व’ २३५७ आणि ‘ह’ २३६१ असा क्रम आहे. त्यामुळे ‘कळस’ हा शब्द ‘कविता’च्या आधी येतो. ‘ज्ञ’ हे यंत्राला ‘ज’ आणि ‘ञ’ यांचे जोडाक्षर दिसते. म्हणून ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’ च्या पुस्तकांत जाऊन बसते आणि मुले ती यादीच्या शेवटी शोधीत राहतात. यावर उपाय सोपा निघाला. आपल्या वर्णमालेप्रमाणे अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारा एक तक्ता लिहिला आणि यादी त्या तक्त्यावरून लावण्याची आज्ञा दिली.

सर्वच गोष्टी मात्र नियमात बसत नाहीत. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, हे कोणत्याही अक्षरक्रमावरून कळणार नाही. ते ज्ञान माणसाचे आहे, आणि ते माणसानेच नोंदवावयाचे आहे.

ग्रंथालय आणि आज्ञावली यांची गाठ जुनीच आहे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६५ साली हेन्रिएट ॲव्हराम ही आज्ञावलीकार महिला रुजू झाली. ग्रंथपाल नसताना तिने तालिकीकरण समजून घेतले आणि ग्रंथनोंदी यंत्राला वाचता येतील अशी ‘मार्क’ ही पद्धती सिद्ध केली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी तयार झालेली ‘कोहा’ ही आज्ञावली २००० साली वापरात आली आणि पुढे सर्वांस मोफत खुली झाली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थच ‘भेट’ असा आहे.

ते पुस्तक आम्ही स्वतः वर्गात जाऊन त्या विद्यार्थिनीस दिले आणि आपली चूकही सांगितली. ती म्हणाली, ‘सर्वांत जुन्या पुस्तकांचे काय?’ प्रश्न रास्त होता. जुन्या नोंदवहीची पाने अजून संगणकात आलेली नाहीत. विद्यार्थिमित्रांनो, शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या नोंदवहीपाशी बसतो. ज्यांना ही विद्या शिकावयाची असेल, त्यांनी अवश्य यावे. गणितात किती गुण मिळाले, हे कोणी विचारणार नाही. शुद्धलेखन मात्र चांगले हवे.